अठ्ठेचाळीस नंबरचा बिल्ला

घड्याळसाहेबांनी आपल्या बायकोचा बिल्ला उलटला तेव्हा सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. वेळ अगदी पक्की, कारण बिल्ला उलटून झाल्यावर त्यांनी सवयीनं मनगटाकडे पाहिलं होतं. सगळा घोटाळा तिथंच झाला. पण तो त्यांना कळायला अजून तासभर जायचा होता.

आता हे घड्याळसाहेब कोण, ते आधी सांगायला हवं. छत्तीस वर्षं एका कारखान्यात टाइमकीपर. आईबापांनी ठेवलेलं नाव काहीतरी होतंच, पण कामगारांनी पाठीमागे ठेवलेलं हेच टिकलं, आणि आता त्यांची बायकोसुद्धा लेकीशी फोनवर बोलताना "तुझे घड्याळसाहेब" असंच म्हणायची. कारखान्याच्या दारात एक फळी, फळीवर खिळे आणि खिळ्यांवर प्रत्येकाचा बिल्ला. आत येताना आपला बिल्ला आपण उलटायचा, बाहेर पडताना आपणच उलटायचा. दुसऱ्याच्या बिल्ल्याला बोट लावलं की संपलं. पॅकिंगमधल्या एका बाईला साहेबांनी त्यापायीच घरी बसवलं होतं. तिनं बहिणीचा बिल्ला उलटला होता. "साहेब, कोपऱ्यावर आलीय हो ती, पाच मिनिटांत पोचतेय," म्हणून ती गयावया करत होती. साहेब म्हणाले, "आग लागली तर माणसं या फळीवरून मोजतात, बाई. फळी खोटं बोलली तर शोधायचं कुणाला आणि कुठं?" बोलणं बिनतोड होतं. बाई डोळे पुसत गेली. साहेब त्या दिवशी जेवण नेहमीसारखं जेवले.

निवृत्त झाले आणि घराचंच टाइमऑफिस झालं. चहा सव्वासहाला. बायको भाजी आणायला गेली की हे गॅलरीत उभे. ती शेजारणीकडे दहा मिनिटं जास्त बसली तर भांडण नाही, आवाज चढवणं नाही. नुसतं तिच्याकडे बघायचं, मग घड्याळाकडे बघायचं. त्यापेक्षा चार शब्द ओरडलेले परवडले! बायकोनं अशी चार वर्षं काढली. शेवटी लेकीनं दोघांची तिकिटं काढून दिली. नऊ दिवसांचा जहाजाचा प्रवास, देवमासे बघायचे, सील बघायचे, पाखरांनी गजबजलेले समुद्रकडे बघायचे. "आई, जरा मोकळी हो," लेक म्हणाली. डोंबल मोकळी! एवढीशी केबिन, दोन पलंगांच्या मध्ये हातभर जागा, आणि एक गोल खिडकी, जी उघडतच नाही. पहाटे डोळा उघडावा तर समोर हे, घड्याळ बांधून बसलेले.

जहाजावर पाऊल ठेवल्या ठेवल्या घड्याळसाहेबांना मात्र माहेर भेटलं. खालच्या मजल्यावर, रबरी होड्या सुटतात त्या दारापाशी, हुबेहूब तशीच फळी होती. ऐंशी खिळे, ऐंशी बिल्ले. बिल्ल्याची एक बाजू हिरवी, दुसरी लाल. जहाज सोडून होडीत बसताना लाल करायचा, परत आल्यावर हिरवा. साहेब खूश. त्यांनी बायकोला दोनदा समजावलं. आणि पहिल्याच दिवशी ती परत आल्यावर गप्पांच्या नादात बिल्ला उलटायला विसरली. साऱ्या जहाजाच्या लाउडस्पीकरवर पुकारा झाला, "अठ्ठेचाळीस नंबर, अठ्ठेचाळीस नंबर, कृपया आपला बिल्ला उलटावा." जेवणघरातल्या झाडून सगळ्या माना वळल्या. बायको हसत उठली, "अय्या, माझाच की!" साहेबांना वाटलं, धरणी दुभंगावी. छत्तीस वर्षांच्या टाइमकीपरची बायको! त्या दिवसापासून तिचा बिल्ला तेच उलटायला लागले. जाताना सत्तेचाळीस आणि अठ्ठेचाळीस लाल, येताना दोन्ही हिरवे. दारावरच्या खलाशाचं लक्ष नसेल एवढं बघायचं आणि दोन बोटांत काम उरकायचं.

त्या दिवशी सकाळी होड्यांनी सगळ्यांना एका किनाऱ्यावर सोडलं. वाळूवर शे-दीडशे सील पसरले होते. कुणी खाजवतंय, कुणी जांभया देतंय, पिल्लं आईच्या अंगावर चढून घसरतायत. बायको पार टोकाला, एका मोठ्या खडकापलीकडे जाऊन बसली होती. वारा बोचत होता. साहेबांचा उजवा गुडघा कुरकुरायला लागला.

"चल आता," ते खडकापाशी जाऊन म्हणाले.

"तुम्ही व्हा पुढं. मी शेवटच्या होडीनं येते."

"शेवटची होडी अकराला आहे."

"माहितेय हो."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि होडीत जाऊन बसले. जहाजावर आल्यावर स्वतःचा सत्तेचाळीस हिरवा केला. शेजारी अठ्ठेचाळीस लाल. त्यांना पुढचं सगळं आधीच दिसलं. ही शेवटच्या होडीनं येणार, चार बायकांशी बोलत येणार, तशीच वर निघून जाणार आणि पुन्हा लाउडस्पीकर. येतेच आहे की वीस मिनिटांत. त्यांनी अठ्ठेचाळीस हिरवा केला.

मग कोरडे मोजे घातले, गरम कॉफी घेतली. सव्वाअकराला लाउडस्पीकर ओरडला, "देवमासे! देवमासे दिसलेत! सगळ्यांनी वरच्या डेकवर या!" आणि जहाज हाललं.

वर जत्रा उसळली. साहेबांनी कोपर मारून कठड्यापाशी दोन माणसांची जागा धरली आणि बायकोसाठी शेजारी मफलर पसरून ठेवला. समोर दूरवर पाण्यातून फवारा उडायचा, मग काळी पाठ वर यायची आणि सावकाश खाली जायची. एकदा शेपूट पुरी वर आली, सगळे एका सुरात "आहाऽऽ" म्हणाले. साहेबांनी ती शेपूट पाहिलीच नाही. ते जिन्याकडे बघत होते. आता येईल, मग येईल. एवढा पुकारा झाला तरी हिला ऐकू येत नाही? मफलरावर कुणीतरी कॅमेऱ्याची पिशवी ठेवली, ती त्यांनी उचलून परत केली. दहा मिनिटं गेली. वीस गेली.

शेजारच्या केबिनमधल्या बाई दुर्बिणीतून डोळा न काढता म्हणाल्या, "वहिनी कुठायत हो? किनाऱ्यावर सीलांपाशीच विसरून आलात की काय?" आणि खो-खो हसल्या.

साहेब हसले नाहीत. ते खाली उतरले. केबिन रिकामी. जेवणघर रिकामं. वाचनाच्या खोलीत एक गृहस्थ तोंड उघडं टाकून झोपलेले. बायकांच्या स्वच्छतागृहाबाहेर उभं राहून त्यांनी दोनदा "अगं, आहेस का?" म्हणून हाक मारली. मग ते अगदी खाली, होड्यांच्या दारापाशी गेले. तिथं प्रत्येकाच्या नंबराचा आकडा होता लाइफ जॅकेट टांगायला, आणि खाली गमबुटांसाठी खण. सत्तेचाळीसच्या आकड्यावर त्यांचं जॅकेट होतं, खाली त्यांचे बूट, बुटांखाली पाण्याचं थारोळं. अठ्ठेचाळीसचा आकडा रिकामा. खण रिकामा. कोरडा ठणठणीत.

घड्याळात अकरा पन्नास. म्हणजे पस्तीस मिनिटं जहाज त्या किनाऱ्यापासून दूर पळतंय आणि ही तिकडं एकटी. त्यांनी फळीकडे पाहिलं. ऐंशीच्या ऐंशी हिरवे. कसं झालं असेल ते त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. किनाऱ्यावरून वॉकीटॉकीवर विचारलं असणार, किती लाल? इथून सांगितलं असणार, एकही नाही. मग देवमाशांच्या घाईत त्या मोठ्या खडकापलीकडे डोकावायला कोण कशाला जाईल?

फळी खोटं बोलली होती. साहेबांनी तिला बोलायला लावलं होतं.

आता या जागी तुम्ही-आम्ही असतो तर बोंब ठोकत वर पळालो असतो. घड्याळसाहेबही पळाले, नाही असं नाही. पण पळण्याआधी त्यांनी एक गोष्ट केली. दारावरचा खलाशी पाठमोरा दोर गुंडाळत होता. साहेबांनी हात लांब केला आणि अठ्ठेचाळीस नंबर लाल केला. मग ओरडले, "माझी बायको! माझी बायको किनाऱ्यावर राहिली! हा बघा तिचा बिल्ला, लाल आहे!"

किनाऱ्यावरच्या फेऱ्या सांभाळणाऱ्या, मोहिमेच्या प्रमुखबाई दोन मिनिटांत खाली आल्या. उंच, हाडापेरानं मजबूत बाई, उगाच बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी जहाज वळवायला सांगितलं, आणि जहाजाआधी पोचावी म्हणून एक होडी पाण्यात सोडायला लावली. मग लाल बिल्ल्याकडे बोट करून खलाशाला विचारलं, "किती लाल म्हणून विचारलं होतं मी. काय सांगितलंस?"

"एकही नाही, बाई. दोनदा पाहिली होती मी फळी."

"मग हे काय आहे?"

खलाशी बिल्ल्याकडे बघतच राहिला. चाळिशी ओलांडलेला, अंगानं जाड, शांत माणूस.

"दुपारी भरती आली की ती अर्धी वाळू पाण्याखाली जाते, कळतंय ना तुला?" प्रमुखबाई होडीत उतरता उतरता म्हणाल्या. "पुढच्या बंदरावर उतरायचंस तू. सामान बांध."

होडी गेली. दारापाशी दोघंच उरले, खलाशी आणि साहेब. वर डेकवर अजून काहीजण टाळ्या पिटत होते. डोक्यावरच्या पत्र्यावर पावलं धावत इकडून तिकडं गेली, बहुतेक देवमासा जहाजाच्या दुसऱ्या बाजूला निघाला असावा. खाली रबराचा आणि ओल्या दोरांचा वास, बसायला एक बाक आणि समोर ती फळी. साहेबांना तिथून उठून जाता येईना आणि तिथं बसवेना. भरती कितीला? त्यांनी विचारलं नाही. वाळू, खडक, वाढणारं पाणी आणि पोहता न येणारी त्यांची बायको. तिला पोहायला शिकायचं होतं एकदा. वेळ जुळत नाही म्हणून यांनीच नको म्हटलं होतं.

"काका," खलाशी हळूच म्हणाला, "मी दोनदा पाहिली होती हो. बोट फिरवून पाहिली होती."

साहेब आपल्या बुटांखालच्या पाण्याकडे बघत राहिले.

"एकवीस वर्षं झाली मला या कामात. असं कधी झालं नाही." त्यानं हातातला दोर खाली ठेवला. "डोळ्यांचं ऑपरेशन सांगितलंय डॉक्टरांनी. घाई नाही म्हणाले होते. मीच पुढं ढकललं. लाल-हिरव्यात गफलत होते का हो त्यात? तुम्हाला काही माहितेय?"

पॅकिंगमधली ती बाई साहेबांना आठवली. तिचा चेहरा आठवेना, नुसता पदरानं डोळे पुसणारा हात आठवला. तिनं निदान खोटं सांगितलं नव्हतं. मी उलटला, साहेब, असं पहिल्या झटक्यात म्हणाली होती.

"काकूंना काही झालं तर मी तोंड कुठं दाखवू?" खलाशी म्हणाला, आणि तो धट्टाकट्टा माणूस बाकावर बसून चक्क रडायला लागला.

"तुझे डोळे ठीक आहेत," घड्याळसाहेब म्हणाले.

"काय?"

"फळी हिरवीच होती. मी केला होता हिरवा. ती विसरते म्हणून. रोज मीच करतो." त्यांनी फळीकडे बोट केलं. "आणि नंतर लालही मीच केला. तू दोर गुंडाळत होतास तेव्हा."

खलाशानं डोळे पुसले. शिवी दिली असती तर साहेबांना बरं वाटलं असतं. त्यानं खांद्यावरचा वॉकीटॉकी काढून त्यांच्यापुढे धरला.

"इथं दाबा आणि बोला. मला सांगितलंत तेच."

साहेबांनी दाबलं आणि सांगितलं. सगळं, दोन्ही वेळचं, वेळेसकट. दहा चाळीस आणि अकरा पन्नास. बोट काढल्यावर नुसती खरखर ऐकू आली. मग प्रमुखबाईंचा आवाज आला, "सापडल्या. होडीत बसल्यात. सुखरूप आहेत." पुन्हा खरखर. "त्यांनीही ऐकलंय तुमचं."

साहेब बाकावर बसले. शेजारी खलाशी बसला होता, पण जरा सरकून.

बायको परत आली ती गाल वाऱ्यानं लालबुंद, केसांचा पार पिंजरा, गमबुटांत वाळू. तिला बघून साहेबांना रडू फुटलं. चारचौघांत, उघड. तिनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, लहान मुलाच्या फिरवावा तसा.

"अगं, शेवटच्या होडीची शिट्टी ऐकू आली नाही का तुला?"

"आली की. पण सील वाटेत येऊन झोपला. खडक आणि पाणी यांच्यामधल्या त्या चिंचोळ्या वाटेत, हा एवढा थोरला. पंधरा पावलं लांब राहायचं, नियमाची पाटी तुम्हीच वाचून दाखवली होतीत. मग थांबले. म्हटलं, उठेल. तो कसला उठतोय! मी हाका मारल्या, पण वाऱ्यात कोण ऐकणार? आणि जहाज निघालेलं दिसलं, तेव्हा मात्र जीव घाबरा झाला. रडले, ओरडले. पाणी वर यायला लागलं तशी खडकावर चढून बसले."

"मग?"

"मग देवमाशीण आली. पिल्लू घेऊन." ती थांबली. तिचा आवाज खाली आला. "इतकी जवळ हो, की तिचा श्वास ऐकू येत होता. पिल्लू मागं पडलं की ती थांबायची. मी किती वेळ बघत होते कुणास ठाऊक. अहो, लग्न झाल्यापासून आज पहिल्यांदा मला किती वाजले ते माहीत नव्हतं."

साहेबांचा हात आपोआप मनगटाकडे गेला आणि तिथंच थांबला.

प्रमुखबाईंनी आधी खलाशाची माफी मागितली, सगळ्यांसमोर. त्याचं बंदरावर उतरणं रद्द झालं. मग त्या साहेबांकडे वळल्या. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावणाऱ्याला उरलेल्या प्रवासात जहाजाबाहेर पाऊल टाकता येत नाही. नियम जुना होता, लेखी होता, आणि पहिल्या दिवशी साहेबांनी तो बायकोला वाचून दाखवला होता.

"बरोबर आहे," साहेब मान खाली घालून म्हणाले. "मीही हेच केलं असतं. आम्ही दोघं बसू केबिनमध्ये. अजून चारच तर दिवस राहिलेत."

"आम्ही दोघं कोण?" बायको म्हणाली. "बिल्ला तुम्ही उलटलात." आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. "साडेतीनला पाखरांचे कडे बघायला होड्या सुटतायत. मी जाणारे. तुम्ही जेवा आणि पडा जरा."

साहेब पडले नाहीत. साडेतीनला ते खाली येऊन उभे राहिले. बायकोनं जॅकेट चढवलं, स्वतःचा बिल्ला स्वतः लाल केला आणि होडीत उतरली. तिनं मागं वळून हात हलवला, पण तो नेमका कुणाला ते कळायला मार्ग नव्हता.

बाकी सगळे गेले. साहेब फळीसमोर उभे. सत्तेचाळीस हिरवा, त्याच्या दोन्ही अंगांना सगळे लाल. खलाशानं स्टूल आणून पार भिंतीपाशी ठेवलं.

"काका, फळीपासून पंधरा पावलं," तो म्हणाला.

साहेबांना हसू आलं नाही, पण ते जाऊन बसले. दोन तास बसून राहिले. दार उघडं होतं, समोर पाणी होतं, आणि त्यांना उंबरठ्यापलीकडे पाऊल टाकता येत नव्हतं. तिकडं वारा सुटला असेल का? तिनं कानटोपी घेतली का? खडकापलीकडे तर गेली नसेल? विचारायचं कुणाला? गॅलरीत उभं राहून वाट बघणं वेगळं. तिथं निदान आपण चिडलोय असं वाटायचं. इथं नुसती भीती होती, आणि ती लपवायला घड्याळसुद्धा पुरेना.

होड्या परतायला लागल्या. पहिली आली, लाल बिल्ले पटापट हिरवे झाले. दुसरी आली. तिसरी. बायको शेवटच्या होडीतून आली, शेजारच्या केबिनमधल्या बाईंशी बोलत, हातवारे करत, हसत. ती साहेबांच्या समोरून गेली. फळीच्या समोरून गेली. जॅकेट आकड्याला टांगलं, बूट खणात ठेवले आणि बोलत बोलतच जिना चढून गेली.

फळीवर एकोणऐंशी हिरवे, एक लाल.

साहेब उठून उभे राहिले. दोन बोटांचं काम होतं. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एका हातानं दुसरा घट्ट धरला. खलाशानं त्यांच्याकडे एकदा पाहिलं, मग भिंतीवरचा माइक उचलला.

"अठ्ठेचाळीस नंबर. अठ्ठेचाळीस नंबर, कृपया आपला बिल्ला उलटावा."

सगळ्या जहाजावर तो आवाज घुमला. वर कुणीतरी हसलं. जिन्यावरून धपाधप पावलं खाली आली.

"अय्या, माझाच की!" बायको म्हणाली. तिनं बिल्ला हिरवा केला, मागं होऊन नीट बघितला आणि म्हणाली, "उद्या सकाळी होडी किती वाजता आहे हो?"

साहेबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. पण तिनं ते खलाशाला विचारलं होतं.